इक्का-नऊ, बेहड्याचं झाड आणि आजीची एकदाणी

ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा बडनेऱ्याच्या पुढे नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बरं का' बरेचसे कापलेत. थोडे राहिलेत, ते चालवून घ्या.

आजचा विषय पत्त्यांचा आहे. पण आपण नेहमी जातो तसे फिरत फिरत महाभारतात जाऊ, मग पॅरिसला, मग मुंबईच्या कापूस बाजारात, आणि शेवटी अकोल्यात माझ्या आजीच्या ओसरीवर. तिथं मला एक कबुली द्यायची आहे. ती आजवर या माईकवर दिलेली नाही.

तो डाव

जुलै 2023. महिन्याचा शेवट. पणजी. मांडवीत उभं असलेलं एक कॅसिनो जहाज. कॉलेजचे तिघे मित्र, बाहेर धो धो पाऊस, आत एसी.

छोटी पोकर टूर्नामेंट होती. 20 जण, प्रत्येकी 5 हजार, म्हणजे बक्षिसांचा गल्ला 1 लाख. पहिल्याला 50 हजार, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20. चौथ्याला काही नाही. नुसता हात हलवत परत.

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटात: नो-लिमिट होल्डम म्हणजे प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे. सातांतून चांगले पाच ज्याचे, तो जिंकला. आपल्या तीन पत्तीची शहरात शिकलेली चुलत बहीण समजा. 'नो-लिमिट' म्हणजे कुणीही, कधीही, समोरच्या सगळ्या चिप्स पुढे ढकलू शकतो. त्याला ऑल-इन म्हणतात. आणि टूर्नामेंटमध्ये चिप्स संपल्या की खेळ संपला, पुन्हा पैसे घालून बसता येत नाही.

तर रात्री साडेअकराला आम्ही चौघे उरलो होतो. एक जण बाहेर गेला की बाकी तिघांना बक्षीस नक्की. या टप्प्याला 'बबल' म्हणतात, फुगा. चौघांकडे सारख्याच, 50-50 हजार चिप्स. त्या हाताला माझी पाळी बिग ब्लाइंडची, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच 4 हजार चिप्स टाकाव्या लागलेल्या. दोघांनी पत्ते फेकले. स्मॉल ब्लाइंडवर एक पोरगा होता, गेल्या अर्ध्या तासात त्यानं कितीदा तरी ऑल-इन केलेलं. त्यानं पुन्हा सगळ्या चिप्स ढकलल्या.

मी पत्ते बघितले. इक्का आणि नऊ. रंग वेगळे.

इक्का-नऊ हे विचित्र पत्ते आहेत. इक्का-राजा असता तर हात आपोआप गेला असता. सात-दोन असते तर फेकून पाणी प्यायलो असतो. इक्का-नऊ मधलंच. आमच्याकडे म्हणतात ना, धड ना इकडचं, धड ना तिकडचं.

मी कॉल केला. त्यानं राजा-सात उघडले. टेबलावर त्याच्या कामाचं काही आलं नाही. मी जिंकलो, तो उठून गेला. तासाभरानं मी दुसरा आलो. 30 हजार. मित्रांनी खांद्यावर घेतलं. व्हॉट्सअॅपला स्टेटस टाकलं.

म्हणजे गोष्ट गोड झाली. मग आज दोन-अडीच वर्षांनी एवढा मोठा भाग कशाला? कारण तो कॉल चुकला होता. आणि तो दोनदा चुकला होता. एकदा गणितात, आणि एकदा अशा ठिकाणी जिथं गणित पोचत नाही.

62 टक्क्यांचा प्रश्न

आधी गणित. घाबरू नका, आठवीचंच आहे.

साधा पैशांचा डाव असता, जिथं चिप म्हणजेच रुपया, तर हिशोब सरळ होता. मला आणखी 46 हजार टाकायचे, आणि जिंकलो तर टेबलावरचे 1 लाख माझे. म्हणजे शंभरात 46 वेळा जिंकलो तरी बरोबरी. इक्का-नऊ तेवढं आरामात करतो. डोळे झाकून कॉल.

पण टूर्नामेंटमध्ये चिप म्हणजे रुपया नव्हे. हीच गोष्ट पचायला जड जाते. चौघांकडे सारख्या चिप्स असताना 1 लाखाच्या गल्ल्यात प्रत्येकाचा वाटा 25 हजारांचा. आता मी एकाला बाहेर काढून माझ्या चिप्स दुप्पट केल्या, तर वाटा 50 हजार व्हायला हवा? होत नाही. कारण पहिला आलो तरी 50 हजारच मिळणार, सगळा गल्ला नाही. आणि तिसऱ्या येणाऱ्यालाही 20 हजार द्यायचेच आहेत. हिशोब केला तर चिप्स दुप्पट होऊन माझा वाटा होतो साधारण 38,300. हरलो तर शून्य. आणि पत्ते फेकले असते तर 46 हजार चिप्स हातात राहून वाटा होता सुमारे 23,700.

म्हणजे 23,700 नक्की, की 38,300 किंवा शून्य? बरोबरीसाठी मला जवळपास 62 टक्के वेळा जिंकायला हवं होतं. समोरचा पोरगा न बघता कुठलेही दोन पत्ते ढकलत होता असं धरलं, तरी इक्का-नऊ जिंकतो साधारण 61 टक्के वेळा. तो थोडेफार निवडून खेळत असेल तर आणखी कमी.

जिंकायची शक्यता माझीच जास्त होती, आणि तरी पत्ते फेकणं बरोबर होतं. पहिल्यांदा हे आकडे मांडले तेव्हा मी स्क्रिप्टमध्ये बग शोधत बसलो होतो. बग नव्हता.

या पद्धतीला पोकरवाले 'इंडिपेंडंट चिप मॉडेल' म्हणतात. त्यातलं सूत्र आलं घोड्यांच्या शर्यतीतून. 1973 मध्ये डेव्हिड हार्व्हिल यांनी एक शोधनिबंध लिहिला: प्रत्येक घोडा पहिला येण्याची शक्यता माहीत असेल, तर तो दुसरा, तिसरा येण्याची शक्यता कशी काढायची? 1987 मध्ये मेसन मॅलमथ यांनी तीच कल्पना पोकर टूर्नामेंटला लावली. घोड्याच्या जागी खेळाडू आणि पहिला येण्याची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला त्याचा हिस्सा.

पण मूळ प्रश्न त्याहून कितीतरी जुना. 1654 मध्ये फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली. प्रश्न असा, की डाव मध्येच थांबवावा लागला तर गल्ला कसा वाटायचा? पास्कलचं उदाहरण: दोघांनी 32-32 नाणी लावली, तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळी. एकाचे दोन झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पास्कल म्हणतो, पहिल्याला 48, दुसऱ्याला 16. का? पुढचा डाव पहिला जिंकला तर त्याला सगळी 64, हरला तर बरोबरी, म्हणजे 32. 32 तर त्याची कुठल्याही परिस्थितीत आहेतच. उरलेल्या 32 वर दोघांचा अर्धा-अर्धा हक्क.

झालेल्या डावांकडे बघू नका, पुढे काय काय होऊ शकतं त्याची आज किंमत करा. संभाव्यतेचं आधुनिक गणित इथून सुरू झालं असं पुस्तकात लिहितात. आता मात्र आपल्या वऱ्हाडाचा माणूस हात वर करून म्हणेल, थांब भाऊ, आमच्या दमयंतीचं काय?

कुंडिनपूर

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. आपल्याकडे ते रुक्मिणीचं माहेर म्हणून माहीत. तिथून पंढरपूरला पालखी जाते. पण महाभारतात विदर्भाची राजधानी म्हणून कुंडिनपूर येतं ते आणखी एका लेकीसाठी: भीमराजाची मुलगी दमयंती.

नल-दमयंतीची गोष्ट वनपर्वात आहे. ती कोण कुणाला सांगतंय हे बघा. द्यूतात सगळं घालवून वनवासात बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी सांगताहेत. युधिष्ठिर म्हणतो, माझ्याइतका अभागी राजा कोणी असेल का? आणि ऋषी म्हणतात, ऐक मग.

निषध देशाचा राजा नल. त्याच्या अंगात कली शिरतो, आणि भाऊ पुष्कर त्याला फासे खेळायला बोलावतो. महिनोन्महिने खेळ चालतो. प्रजा दाराशी येते, मंत्री येतात, दमयंती विनवते. नल ऐकत नाही. पोकरमध्ये याला 'टिल्ट' म्हणतात. हरत चाललेला माणूस हरलेलं परत आणायला खेळतो, आणि आणखी हरतो. 'अंगात कली शिरला' हा शब्दप्रयोग मला टिल्टपेक्षा जास्त अचूक वाटतो.

दमयंती काय करते? ती ओळखते की हा डाव गेला. ती सारथ्याला बोलावते आणि दोन्ही मुलांना रथात घालून कुंडिनपूरला, माहेरी पाठवते. सगळं जायच्या आधी जे वाचवता येईल ते डावाबाहेर काढते. अख्ख्या गोष्टीत त्या टप्प्यावर पत्ते बरोबर वाचणारी ती एकटीच.

शेवटी पुष्कर म्हणतो, आता दमयंती लाव. नल लावत नाही. अंगावरचे दागिने उतरवतो आणि एका वस्त्रानिशी निघून जातो. युधिष्ठिरानं जे केलं ते नलानं केलं नाही, हे बृहदश्व युधिष्ठिरालाच ऐकवताहेत. म्हणजे बघा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे: वनात ताटातूट, कर्कोटक सापाचा दंश, नलाचं रूप बदलणं, बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहणं. आपल्याला हवा आहे तो एक प्रवास. दमयंतीनं दुसऱ्या स्वयंवराचा निरोप मुद्दाम पाठवलेला, ऋतुपर्णाला एका दिवसात अयोध्येहून विदर्भात पोचायचंय, आणि बाहुक रथ हाकतोय. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. तोच आपल्या त्रिफळा चूर्णातला बेहडा, मेळघाटात भरपूर सापडतो. आणि वेदकाळात जुगाराचे फासे म्हणून वापरायचे ते या बेहड्याच्याच बिया.

ऋतुपर्ण रथातून झाडाकडे बघतो आणि सांगतो: या दोन फांद्यांवर फळं आहेत 2,095. नलाला पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, एकेक फळ मोजतो. आकडा बरोबर! विचारतो, हे कसं केलंस? ऋतुपर्ण म्हणतो, मला अक्षहृदय येतं, फाशांचं रहस्य, आणि म्हणून मोजणीही येते.

फासे आणि झाडावरची फळं यांचा काय संबंध? सगळी फळं न मोजता थोडक्यावरून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फाशांची शक्यता ओळखणं, ही एकाच विद्येची दोन टोकं आहेत, हे त्या गोष्ट रचणाऱ्याला ठाऊक होतं असं दिसतं. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरच्या 1975 च्या पुस्तकात ही गोष्ट मुद्दाम घेतली, ती त्यासाठीच.

आणि हे आपल्यासाठी दूरचं नाही. 1940 च्या दशकात पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी देशात पीककापणी प्रयोग रुजवले. सगळी शेतं मोजायची नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखी काही निवडायची, त्यातला ठरावीक तुकडा कापून तोलायचा, आणि त्यावरून सगळ्या भागाचं उत्पन्न काढायचं. पीक विम्याचे पैसे मिळणार की नाही, ते आजही मुख्यतः अशाच कापणीच्या आकड्यांवर ठरत आलंय. ऋतुपर्णाची फांदी आमच्या बाबांच्या बांधावर आली ती अशी.

असो. नल आपली घोड्यांची विद्या देतो, अक्षहृदय घेतो, आणि त्या क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. कथा असं म्हणत नाही की नलानं पश्चात्ताप केला म्हणून कली गेला. त्याला मोजता यायला लागलं, आणि कली गेला.

पुष्करचा कॉल

आता शेवटचा डाव. नल-दमयंती भेटले. महिनाभर कुंडिनपुरात राहून नल निघाला. सोबत किती? एक रथ, सोळा हत्ती, पन्नास घोडे, सहाशे पायदळ. पुष्करकडे अख्खं निषध राज्य. पोकरच्या भाषेत नल म्हणजे शॉर्ट स्टॅक, पुष्कर चिप लीडर.

नल म्हणतो, एकच डाव. माझं सगळं एका बाजूला, तुझं राज्य दुसऱ्या बाजूला. फासे नको असतील तर द्वंद्वयुद्ध. ऑल-इन.

लहानपणापासून ही गोष्ट आपण नलाच्या बाजूनं ऐकली. मला वाटतं, कठीण निर्णय नलाचा नव्हताच. त्याच्याकडे आता विद्या होती, घालवायला थोडं होतं. कठीण हात आला होता पुष्करला. जिंकला तर मिळणार किती? राज्याच्या तुलनेत थोडं. हरला तर जाणार सगळं. आणि पुष्कर हसत कॉल करतो! का? एक, मागच्या वेळी हाच माणूस हरला होता. दोन, डोळ्यासमोर दमयंती.

म्हणजे पुष्करनं झालेले डाव बघितले, पुढे काय होऊ शकतं त्याची किंमत केली नाही. पास्कलनं जे करू नका म्हटलं, नेमकं तेच. 'गेल्या अर्ध्या तासात हा पोरगा कितीदा तरी ऑल-इन गेलाय' म्हणून इक्का-नऊ घेऊन कॉल करणारा मी, आणि पुष्कर, आम्ही एकाच शाळेचे. फरक एवढाच की त्याचे फासे उलटे पडले, माझे पत्ते सरळ.

नल एका फेकीत सगळं जिंकतो. पुष्करला माफ करतो. गोष्ट संपते, आपण टाळ्या वाजवतो.

पण मला एक ओळ टोचते. शेवटच्या डावात नल जे लावतो, त्यात तो दमयंतीचं नाव घेतो. पहिल्या वेळी पुष्करनं मागितली तर दिली नव्हती, या वेळी स्वतःहून. आणि दमयंती तेव्हा कुठे होती? इथं, कुंडिनपुरात, माहेरी. जिंकल्यावर नलानं तिला आणायला माणसं पाठवली. म्हणजे वर्धा नदीच्या काठावर ती बसलेली असताना तिकडे निषधात ती डावावर होती. तिला विचारल्याचा उल्लेख नाही.

अमेरिकेचा कापूस, अकोल्याचा आकडा

आता महाभारतातून कापसात येऊ. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला, आणि लँकशायरच्या गिरण्या मुंबईकडे बघू लागल्या. भाव आभाळाला भिडले. मुंबईत त्या पैशावर शेअरचा सट्टा पेटला, आणि 1865 मध्ये युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. त्याच दशकात रेल्वेची लाइन भुसावळहून अकोला, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. अमरावतीला बडनेऱ्याहून आणि खामगावला जलंबहून फाटा काढला तो मुख्यतः कापसासाठी.

तेव्हापासून आमचा शेतकरी अशा टेबलावर बसलाय जिथले पत्ते दुसऱ्या खंडात वाटले जातात.

त्याच कापसातून आकडा जन्मला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला यायचे, आणि लोक त्यांच्या आकड्यांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. 1960 च्या दशकात तो मार्ग बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मुंबईत आकडे काढायची आपापली सोय केली. कापूस गेला, मटका राहिला. तीन आकडे निघायचे, त्यांची बेरीज, बेरजेतला शेवटचा अंक तो ओपन. 5, 3, 6 आले तर बेरीज 14, ओपन चौका.

एका अंकाला रुपयाला नऊ रुपये हा प्रचलित भाव. अंक दहा, भाव नऊ. म्हणजे प्रत्येक रुपयामागे दहा पैसे बुडीत, कायमचे. इथं ऋतुपर्ण आणून बसवला तरी उपयोग नाही. मोजायला काही नाहीच.

कौशल्याचा खेळ कोणता आणि नशिबाचा कोणता, यावर आपली न्यायालयंही खूप भांडली. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी मुख्यतः कौशल्याची म्हटली. पोकरवर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी पडली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता तो भेदच पुसला: कौशल्य असो की नशीब, पैसे लावायचे असतील तर बंद. कायदा बरोबर की चूक यावर तुमचे मेसेज येतीलच, त्यावर वेगळा भाग करू.

ओसरी

आता कबुली.

आमचे आबा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये मजुरीला होते. दिवसभर कापूस बघायचा, संध्याकाळी आकडा लावायचा. आजीची एक एकदाणी होती, सोन्याच्या मण्यांची, तिच्या माहेरची. एका दिवाळीच्या आधी ती गहाण पडली आणि परत आली नाही. घरात याबद्दल कुणी बोलायचं नाही. मला एवढंच माहीत होतं की आबा 'खेळायचे'. मी त्यांच्यासारखा नाही याचा मला अभिमान होता. मी तर टक्केवारी काढून खेळतो!

2023 च्या त्या उन्हाळ्यात बाबांनी घरात कापूस ठेवला होता. 2022 मध्ये क्विंटलला 12 हजारांच्या वर गेलेला भाव परत येईल म्हणून. आला नाही. 7-8 हजारांतच रेंगाळला. पाऊस उशिरा आला, पेरणीला पैसे लागले, शेवटी जुलैत कापूस विकला. बाबांच्या साध्या फोनवर यूपीआय नाही, म्हणून व्यापाऱ्यानं 40 हजार माझ्या खात्यात टाकले. महिनाअखेरीला कृषी केंद्राची उधारी त्यातून द्यायची होती.

माझा पगार ईएमआयनं खाल्लेला. पण अॅपमध्ये वेगवेगळे पैसे कुठे दिसतात? एकच आकडा दिसतो. मी त्यातले 5 हजार टूर्नामेंटला भरले, आणि जाण्या-येण्याचेही त्यातूनच गेले. सोमवारी पगार झाला की टाकून देऊ, असं ठरवलं. टाकलेही. उधारी वेळेवर गेली. कुणाला कळलं नाही.

मागे वळून हिशोब केला तर इक्का-नऊचा कॉल ही सरासरी तीनशे रुपयांची चूक निघते. समोरचा पोरगा पत्ते निवडून खेळत असेल तर दोन हजारांची. टेबलावर ती क्षम्य आहे. पण ती 23,700 ची वाट कुणाची होती? पत्ते फेकून तिसरा आलो असतो तरी 20 हजार येणार होते, आणि ज्या कापसाच्या पैशावर मी बसलो होतो त्याच्यासाठी वीस नक्की आणि शून्य यांतला फरक, वीस आणि पन्नास यांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता. डॅनियल बर्नोली यांनी 1738 मध्येच लिहून ठेवलंय: रुपयाची किंमत तो कुणाच्या खिशात आहे त्यावर ठरते.

या भागाची तयारी करताना मागच्या महिन्यात आजीला सगळं सांगितलं. आधी पुष्कर-नल, मग जहाज, मग 40 हजार. ती वाती वळत होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो टक्क्यांचा नव्हता.

"तुह्या बापाले इचारलं होतं?"

"नाही आजी. पण जिंकलो ना. परत टाकले."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एकदानी नेली तवा तुहे आबाबी मले हेच म्हनले. जितलो तं नऊ घेऊन येतो. मी त्याईले म्हनलं, तुमी नऊ आना नाई तं नव्वद आना. मले न इचारता नेली थे नेलीच ना."

मी म्हटलं, ते हरले, मी जिंकलो.

"हो," ती म्हणाली. "मनून तर तुले आजवर कोनी इचारलं नाई."

मग तिनं वात बाजूला ठेवली आणि विचारलं, त्या दमयंतीची पोरं माहेरी सुखरूप पोचली होती का? मी म्हटलं, हो, पोचली. "हुशार होती," म्हणाली.

त्या रविवारी बाबांना फोन केला. पलीकडे फवारणीच्या पंपाचा आवाज. सांगितलं. ते म्हणाले, बरं. मग विचारलं, आता नाही ना खेळत? म्हटलं, नाही. म्हणाले, बरं, कपाशीवर मावा आलाय, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी फोन आला नाही. मीच केला. माव्याबद्दल बोललो.

आता माझा आणि बाबांचा हिशोब वेगळ्या खात्यात आहे. बँकेत जाऊन, फॉर्म भरून, बाबांच्या अंगठ्याशेजारी माझी सही. दमयंतीनं रथात घालून पाठवलं, तसं.

तर मंडळी, डावाचं गणित शिका. खरंच शिका, ते सुंदर आहे, आणि भाव पडलेला कापूस घरात ठेवायचा की विकायचा, दुबार पेरणी करायची की थांबायचं, हे आपल्याकडे दर घरात चाललेले इक्का-नऊच आहेत. पण टक्के काढायच्या आधी टेबलावर कुणाकुणाचं काय आहे ते एकदा नावं घेऊन मोजा. आणि जे तुमचं नाही, त्याच्या मालकाला फोन लावा.

तुमच्या घरी अशी एखादी एकदाणी असेल, तिची गोष्ट आम्हाला व्हॉइस मेसेजवर पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात भेटू. तोवर, काळजी घ्या.